एका पानाचं उत्तर

"ससोबा, रागावलास का माझ्यावर? नसशील तर चार दिवस येऊन जा. घर खायला उठतं."

थोरल्या बहिणीचं हे पत्र येऊन दोन वर्षं झाली, तरी पुस्तकं बांधणाऱ्या म्हाताऱ्या बाइंडरांनी उत्तर धाडलं नव्हतं. ताईचे यजमान गेले तेव्हा ते तापाचं निमित्त सांगून घरीच बसले होते. चार लोकांत काय बोलायचं, हेच सुचलं नव्हतं.

उत्तरं लिहिली मात्र पुष्कळ. एकही मनाजोगं उतरेना, फाडवेना. शेवटी हाताच्या सवयीने त्यांनी सगळे कागद शिवले आणि वर कापडी पुठ्ठा चढवला.

"माफीनाम्याची दुसरी आवृत्ती कधी?" बायको विचारायची.

यंदा छातीत धडधड सुरू झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे. ओझं मनावर दिसतंय. रोज दहा मिनिटं बसा, श्वासाकडे बघा. बस्स."

ते बसले. चौथ्या श्वासाला ताईचं पत्र हजर! आठवड्याने ते डॉक्टरीणबाईंना खालमानेने म्हणाले, "मला नाही जमत हो. मन पळतं."

"पळू द्या की! पळालं हे कळलं, म्हणजे जमलंच. रागावू नका, हळूच परत आणा."

दुसऱ्या दिवशी दुकानात ते एकेक कागद दुमडत बसले. श्वास आत. बोटाखाली कागदाची गार कड. श्वास बाहेर, घडी. पत्र आलंच. या वेळी त्यांनी त्याला हाकललं नाही, नीट पाहिलं. ताईने खुलासा मागितलाच नव्हता. रागावलास का आणि येतोस का, एवढंच तर विचारलं होतं.

हातातला कागद कोरा होता. एका पानाला शिवण लागत नाही.

"ताई, रागावलो नव्हतो. लाजलो होतो. अजून चालत असेल तर शनिवारी येतो. – ससोबा."

"अहो, एवढंच?" बायकोने वाचून विचारलं. "आणि तो ग्रंथ?"

"राहू दे. उशाला होईल."

टपालपेटीपाशी हात थबकला. 'अजून चालत असेल तर' खोडावं का? छाती धडधडली. धडधडतेय, हे त्यांना कळलं. त्यांनी एक श्वास घेतला, सोडला, आणि त्याच्यासोबत पाकीटही सोडलं.