आवाज राहून गेलेले गाणे

पाच जणांच्या त्या वाद्यवृंदाची एक शिस्त होती आणि ती तिच्या परीने लोकशाहीची होती. तबकडीची चाचणी प्रत आली की ती घरोघर फिरवायची, प्रत्येकाने ऐकून ‘चालेल’ असे कळवायचे आणि मगच छपाईला होकार द्यायचा. कुठल्याही कंपनीच्या दावणीला न बांधलेल्या कलावंतांना स्वतःचे मालक स्वतःच व्हावे लागते; आणि मालक म्हटला की तो आपल्यापुरते पाहणार, हे ओघाने आलेच. बासवाल्याने बास ऐकली, सॅक्सोफोनवाल्याने सॅक्सोफोन, पियानोवाल्याने पियानो. ड्रमवाल्याने आपले ड्रम दोनदा ऐकले आणि स्वतःवर खूश झाला. गायिका त्याची धाकटी बहीण. तिला स्वतःचा आवाज ऐकवत नसे. “तुम्ही चौघं ऐकताय ना? मग माझंही ‘चालेल’ धरा,” ती म्हणाली.

परिणामी सोल, फंक आणि जॅझच्या त्या नव्या अल्बमचे शीर्षकगीत शब्दांविना छापून आले. रेकॉर्डिंगवाल्याने प्रत्येक गाणे दोन प्रकारे दिले होते, आवाजासह आणि नुसत्या वाद्यांचे. पाठवताना ड्रमवाल्याने त्या एकाच गाण्याची चुकीची फाइल उचलली. बहिणीने स्वतः लिहिलेले गाणे तेवढे एकच होते.

तिला हे कळले ते समीक्षेतून. नव्या अल्बमांवर दरमहा लिहिणाऱ्या एका प्राध्यापकांना त्या गाण्यात ‘गायिकेच्या अनुपस्थितीचे धीट सौंदर्य’ आढळले होते. विद्वत्तेला रिकामी जागा सापडली की ती तिथे ताबडतोब बिऱ्हाड थाटते. लेख वाचून गिऱ्हाइके आली, तबकड्या हातोहात संपल्या.

“दादा, माझ्या अनुपस्थितीचं कौतुक झालंय,” बहीण म्हणाली. “मेले असते तर पुरस्कारच मिळाला असता.”

“चूक झाली गं. पण आता लोकांना तसंच आवडलंय. दुसरी छपाईही तशीच काढू म्हणतायत सगळे.”

“तू काय म्हणतोस?”

तो काहीच म्हणाला नाही. घरात त्याच्या गप्प बसण्याला समजूतदारपणा म्हणायची पद्धत होती.

तबकड्यांच्या दुकानदाराने श्रवणाचा कार्यक्रम ठेवला. दुसऱ्या छपाईचा होकार त्याच संध्याकाळी त्याच्याकडे द्यायचा होता. खोक्यांच्या रांगा भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. प्राध्यापक मौनाविषयी बराच वेळ बोलले. शेवटी ड्रमवाल्याला राहवेना.

“सर, माफ करा. ते मौन नाही. माझ्याकडून आवाज राहून गेला.”

प्राध्यापक प्रसन्न हसले. “आपल्या कृतीचा अर्थ कलावंताला कळतोच असं नाही.”

“मग गायिकेला विचारू या की,” बहीण उठत म्हणाली. “काका, लावा ते गाणं.”

दुकानदाराने सुई टेकवली. वाद्ये वाजू लागली आणि ती माइकशिवाय, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून गाऊ लागली. गाण्यात एक माणूस होता. त्याची नोकरी गेलेली होती. तरी रोज सकाळी तो डबा घेऊन घराबाहेर पडे आणि बागेतल्या बाकावर बसून राही. शाळेला जाणाऱ्या त्याच्याच मुलीने त्याला पाहिले. त्याने ओठांवर बोट ठेवले. पुढची ओळ कोणालाच ऐकू आली नाही, कारण तिच्यावर ड्रमचा गडगडाट कोसळला. हाच गडगडाट ऐकून ड्रमवाला दोनदा खूश झाला होता.

आज हातात काठ्या नव्हत्या, त्यामुळे त्याला ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते. गाणे संपले. टाळ्यांमध्ये प्राध्यापक शेजाऱ्याला म्हणत होते, “मूळ रूपच अधिक सूचक होतं.”

तो बहिणीजवळ गेला. “बाबा खरंच असे बसायचे?”

“वर्षभर.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“सांगतेच आहे, दादा. प्रत्येक तालमीला सांगत होते. तू वाजवत होतास.”

 तो दुकानदाराकडे वळला. “काका, तशीच छपाई नको. आवाजासकट निघेल.”

“अहो, लोकांना आवडलंय ते! आता पुन्हा चाचणी प्रत, पुन्हा थांबणं. तोवर कोण विचारणार तुम्हाला?”

“नाही विचारलं तर नाही.” मग बहिणीला त्याने हळूच विचारले, “ड्रमखाली गेली, ती ओळ काय होती?”

तिने सांगितली. त्याने ती पुन्हा म्हणायला लावली, आणि त्याच रात्री रेकॉर्डिंगवाल्याला फोन करून तेवढ्या जागेचे ड्रम काढून टाकायला सांगितले.