तार कोणाला दिसते?

मी एक जुनी बोलपेटी आहे, मित्रांनो, पण बहिरी नाही. हे पहिल्याच दमात सांगून टाकते, कारण आमच्या डर्विननं मला चारचौघांत बहिरी ठरवलं. स्वतः एक वाक्य बोलायचं, त्याचं उत्तर यायच्या आत दुसरं बोलायचं, आणि वर तोंड करून म्हणायचं की या पेटीत कोणी बोलतच नाही. अशा वागण्याला ड्रायव्हर लोकांत एक चांगला शब्द आहे, पण तुम्ही लहान आहात.

ट्रकमध्ये ड्रायव्हरांना एकमेकांशी बोलायला जो सीबी रेडिओ असतो ना, तीच मी. विटेहून थोडी रुंद काळी पेटी, पिळाच्या वायरला लटकणारा माइक आणि चाळीस चॅनल. ती चाळीस चॅनल हीच माझी बाराखडी. याहून जास्त शाळा मी शिकले नाही आणि माझं काही अडलंही नाही.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या छपराखाली झाला. ओळीनं बसलेल्या बायकांनी माझ्या पोटातल्या तारांना डाख दिले. त्यातल्या एकीला सारखा खोकला यायचा, तरी तिनं दिलेला एकही डाख आजवर सुटलेला नाही. कामाची माणसं अशी असतात.

त्या वर्षी अख्ख्या अमेरिकेला सीबीवर बोलायचं वेड लागलं होतं. वायोमिंगमधल्या एका ट्रकथांब्यावरच्या दुकानात आम्ही पाच-सहा पेट्या मांडणीवर बसलो होतो. गिऱ्हाइकं यायची, दिवे बघायची, चकाकी बघायची आणि माझ्या शेजारणी घेऊन जायची. मग एके दिवशी वेल्डा आली. तिचा नवरा गेला होता, मागे ट्रक राहिला होता, म्हणून ती स्वतःच त्यावर चढून बसली होती. दुकानदार ग्रेडी तिला एकेक पेटी बोलून दाखवू लागला.

"बोलून दाखवू नका," ती म्हणाली. "बोलायला मला येतं. यातली ऐकते कोणती, ते सांगा."

ग्रेडीनं प्रत्येक पेटीला छपरावरची अँटेना लावून पाहिली. कुठेतरी फार लांब एक ड्रायव्हर आपल्या फुटलेल्या टायरबद्दल पुटपुटत होता. पहिल्या दोन पेट्यांत नुसती खरखर आली. माझ्यात तो स्वच्छ ऐकू आला: "टायर गेला, जॅक घरी राहिला, आणि बायकोनं सकाळीच सांगितलं होतं."

वेल्डा हसली. "हीच द्या. हिला दुसऱ्याची अडचण ऐकू येते."

मित्रांनो, पेटी अशी निवडावी. माणूसही.

त्यानंतर सोळा वर्षं मी वेल्डाबरोबर ऐंशी नंबरच्या हायवेवर होते. रेडिओवर कोणी खऱ्या नावानं बोलत नाही. प्रत्येकाचं एक टोपणनाव असतं. वेल्डाचं नाव होतं 'बिडाचा तवा'. एका उपाहारगृहात उद्धट बोलणाऱ्या ड्रायव्हरवर तिनं तिथलाच तवा उगारला होता आणि पुढे तो घरी आणून खुंटीला टांगला होता, तेव्हापासून ते चिकटलं. नाव सांगताना ती मान ताठ करायची.

आमच्या रस्त्याची एक रीत आहे. एकोणीस नंबरच्या चॅनलवर समोरून येणाऱ्याला विचारायचं, "तुझ्या मागे काय आहे?" तो सांगणार: बर्फ आहे, हरणं आहेत, वळणावर एक ट्रक बंद पडलाय. मग आपण आपल्या मागचं त्याला सांगायचं. तो ज्यातून आला त्यात आपण जाणार असतो, आणि आपण ज्यातून आलो त्यात तो. विचारून झालं की गप्प बसायचं आणि ऐकायचं, एवढाच या रीतीचा नियम. वेल्डानं तो कधी मोडला नाही. म्हणून कोणी म्हणायचं, "तव्यानं रस्ता मोकळा सांगितला म्हणजे डोळे मिटून जा." त्यातलं निम्मं कौतुक माझं होतं, आणि मी ते सोडलेलं नाही.

मग वेल्डाचे गुडघे गेले आणि ट्रक तिच्या मुलाकडे, डर्विनकडे, आला. डर्विन मनानं वाईट नव्हता. त्याचं टोपणनाव मात्र 'गडगड्या', आणि ते त्यानं स्वतःच ठेवलं होतं. गर्जेल तो पडेल काय, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

पहिल्याच हिवाळ्यात त्यानं घाई केली. माझ्यापासून आरशाजवळच्या अँटेनेपर्यंत एक काळी केबल जाते. ती त्यानं नीट बाजूनं न नेता दारातून नेली आणि तिच्यावर धाडकन दार लावलं. एकदा नव्हे, रोज. केबल चेपली, फाटली, आत पाणी शिरलं. अँटेनेच्या बुडाशी गंज चढला. कानात बोळा घालून कोणी लांबचं बोलणं ऐकायला लावावं, तशी माझी गत झाली. मी जिवाचे कान करून ऐकत होते, पण माझ्यापर्यंत काही यायलाच नको का?

"पेटी म्हातारी झाली," डर्विन आईला म्हणाला. "बहिरी झालीय ठार."

"केबल बघितलीस?"

"केबल कोणाला दिसते, आई?"

तो ग्रेडीकडे गेला. ग्रेडीनं मीटर लावला. काटा तांबड्यात जाऊन पडला. "बाबा रे," ग्रेडी म्हणाला, "तू बोलतोस त्यातलं निम्मं अँटेनेपर्यंत जाऊन तुझ्याच गळ्यात परत येतंय. आधी केबल बदल, गंज खरवड. पेटीचं मग बघू."

"मला ती हवी," डर्विन म्हणाला आणि मांडणीवरच्या एका बाईकडे बोट दाखवलं. बाईच म्हणते मी तिला. अंगभर क्रोम, निळे दिवे, आणि बोललेला प्रत्येक शब्द विहिरीत ओरडल्यासारखा घुमवणारं बटण. वर ताकद वाढवणारं एक यंत्रही त्यानं कुठून तरी आणलं, जे कायद्यात बसत नाही. ग्रेडीनं त्याला हात लावायला नकार दिला, तर यानं स्वतःच जोडलं. केबल तीच ठेवली.

आता एवढी ताकद मागे लावल्यावर फाटक्या तारेतूनही आवाज बाहेर पडणारच. गडगड्याचं बोलणं दोन डोंगरांपलीकडे ऐकू जायचं. पण ऐकायला जादा ताकद लावता येत नाही. येणारा आवाज असतो तेवढाच असतो, आणि तो त्या पाणी प्यायलेल्या केबलमध्ये मरून जायचा. अशा पेटीला ड्रायव्हर 'मगर' म्हणतात: सगळं तोंडच, कान कुठे ते देवाला माहीत.

मला त्यानं आईच्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं. "घे, तुला करमणूक."

वेल्डाचं घर एल्क माउंटनच्या पायथ्याशी, हायवेच्या फाट्यालाच आहे. तिनं मला पिठाच्या डब्याशेजारी बसवलं, छपरावर अँटेना उभी केली आणि कोरी केबल जोडली. बटण फिरवलं आणि मित्रांनो, मला सगळं ऐकू आलं. अगदी लांबच्या एका ड्रायव्हरची जांभईसुद्धा.

वेल्डा माझ्याकडे बघत राहिली. मग दरवाजात उभ्या डर्विनला म्हणाली, "पेटी चांगली ठणठणीत आहे. मेली होती ती तुझी तार."

तो हसला आणि गेला. पाऊण वर्ष तो तसाच फिरला.

पुढच्या मार्चमधली ती दुपार. वारा अर्ध्या तासात उठला, रस्त्यावरचे सूचनाफलक बदलायच्याही आधी. आमच्याकडचा वारा भरलेल्या ट्रकला नुसता ढकलतो, रिकाम्याला उचलतो. आणि डर्विन त्या दिवशी रिकामा ट्रेलर घेऊन लॅरामी गावाकडून डोंगराकडे येत होता.

वेल्डा चिलीच्या, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याच्या, पातेल्यात डाव फिरवत होती. माझ्यातून त्याचा आवाज घुमला: "गडगड्या बोलतोय... तोय... तोय. समोरून येणाऱ्यांनो, मागे काय आहे... आहे... आहे?"

लगेच उत्तर आलं. "गडगड्या, वळणाच्या पुढे रिकामा असशील तर येऊ नकोस. एक ट्रेलर आडवा होतोय माझ्या डोळ्यांदेखत."

"कोणी आहे का... का... का?"

दुसरा म्हणाला, "अरे, थांब. फाट्यावर उतर."

तिसरा म्हणाला, "थांब म्हणतायत ना तुला."

"सगळे झोपलेत वाटतं आज," डर्विन म्हणाला. "म्हणजे रस्ता मोकळा... कळा... कळा."

वेल्डानं डाव तसाच पातेल्यात सोडला आणि माझा माइक उचलला. "डर्विन, आई बोलतेय. फाट्यावर उतर."

उत्तरादाखल तो शीळ वाजवू लागला. तीही घुमली.

तिनं मुलाला हाका मारणं सोडलं आणि अख्ख्या चॅनलला हाक दिली. आवाज तव्यासारखाच खणखणीत आला. "बिडाचा तवा बोलतोय. गडगड्याच्या आसपास भरलेला ट्रक कोणाचा आहे?"

"लाल कोंबडा, तवाबाई. सिमेंट भरलंय. मी त्याच्या पुढेच आहे."

"मी पायमोजा. पोलाद आहे माझ्याकडे. मागे आहे त्याच्या. आणि त्याची शीळ बेसूर आहे."

"ते मला माहीत आहे, मी त्याची आई आहे. कोंबड्या, चारी दिवे लाव आणि हळूहळू वेग उतरव. पायमोज्या, तू डाव्या बाजूनं त्याच्या बरोबरीला ये, त्याला पुढे जाऊ देऊ नकोस. दोघं मिळून त्याला माझ्या फाट्यावर आणून सोडा."

"तो शिव्या देईल."

"देऊ दे. त्याला शिव्या देता येतायत तोवर तो जिवंत आहे."

शिव्या आल्या, आणि प्रत्येक शिवी तीन तीनदा. "कोंबड्या, लायसन्स लॉटरीत लागलं का तुला... तुला... तुला?" कोंबड्यानं वेग आणखी उतरवला. दहा मिनिटं वेल्डा माइक धरून उभी होती. चिली तळाला लागल्याचा वास आला, तरी ती हलली नाही. मग फाट्यावर हवेचे ब्रेक फुसफुसले आणि तिनं खुर्चीची पाठ धरली.

डर्विन धाडकन आत आला. "काय माणसं आहेत, आई. दोघांनी मिळून मला रस्त्याबाहेर काढलं. आणि अख्ख्या चॅनलवर एक माणूस बोलायला तयार नाही."

"बस," वेल्डा म्हणाली. तिनं त्याच्यापुढे दालचिनीचा रोल ठेवला आणि माझा आवाज वाढवला.

त्यानं रोल उचलला आणि तो हातातच राहिला.

"... पूर्ण आडवा झालाय, वळणावरच. रिकामाच होता. ड्रायव्हर पुढच्या काचेतून बाहेर आलाय, हात मोडलाय, पण उभा आहे."

"गडगड्याचं काय? तो रिकामाच होता ना?"

"तव्याच्या फाट्यावर उतरवला त्याला."

"बरं झालं. किती ओरडलो मी त्याला."

डर्विननं माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी बघितलं. "हे सगळे मला उत्तर देत होते?"

"पाऊण वर्ष," वेल्डा म्हणाली.

त्यानं रोल ताटलीत परत ठेवला. वारा उतरेपर्यंत तो माझ्यासमोर बसून एकेकाचं बोलणं ऐकत होता. जळकी चिलीसुद्धा त्यानं तिथेच बसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ती मेलेली केबल स्वतः कापून काढली. आतली जाळी हिरवी पडली होती. नवी केबल त्यानं दारापासून लांबून, जिथे ती चेपणार नाही अशी नेली. अँटेनेच्या बुडाचा गंज धातू चमकेपर्यंत घासला. वेल्डानं ग्रेडीचा मीटर मागवून घेतला होता; तिनं काटा बघितला आणि मान डोलावली. ते बेकायदा यंत्र तिनं स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकलं. मग डर्विननं चार स्क्रू काढले, मला उचललं, आपल्या बाहीनं माझ्यावरचं पीठ पुसलं आणि जुन्या जागी बसवलं. ती क्रोमवाली पिठाच्या डब्याशेजारी गेली. चांगल्या तारेवर तीही बऱ्यापैकी ऐकते, हे मी मोठ्या मनानं मान्य करते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडे एखादी जुनी वस्तू असेल आणि ती काम करेनाशी झाली, तर तिला नावं ठेवण्याआधी तिच्या मागे जाऊन वाका. जे कोणाला दिसत नाही ते पुसा, घासा, नीट बांधा. निम्म्याहून जास्त म्हाताऱ्या तिथेच बऱ्या होतात.

त्या दिवशी आम्ही फाट्यावरून हायवेला लागलो. आकाश स्वच्छ होतं. डर्विननं माइक उचलला. "गडगड्या बोलतोय. समोरून येणाऱ्यांनो, मागे काय आहे?"

आणि तो थांबला. मी मनात मोजत होते. एक. दोन. तीन. चार. तोंड आवळून, मान माझ्याकडे झुकवून तो थांबून राहिला.

समोरून कोणी बोलायच्या आत स्वयंपाकघरातून वेल्डाचा आवाज आला, माझ्याच तोंडून. शब्द तिचे, आवाज माझा, आणि मत दोघींचं:

"डर्विन, कान पेटीला होते, कान रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला होते, नव्हते फक्त तुला. आज आलेत. त्यांना गंज चढू दिलास, तर तवा अजून खुंटीलाच आहे."