बंगळूरची जागा

पवित्राला कुठल्या शाळेत घालायचं, हा प्रश्न तिचे पोहण्याचे कोच रंगा सर यांनी खरं तर एका वाक्यात निकालात काढला होता. तंजावरच्या तलावाच्या काठावर गळ्यात शिट्टी अडकवून उभे असताना ते म्हणाले, "सार, बंगळूर. जास्त विचार करू नका." बारा वर्षांची पोर शंभर मीटर बॅकस्ट्रोक एक मिनिट चौदा सेकंदांत पोहत होती. यापुढे तिला पन्नास मीटरचा तलाव हवा होता, शेजारच्या लेनमध्ये तिच्या तोडीच्या चार मुली हव्या होत्या, आणि बॅकस्ट्रोक शिकवण्यात हयात घालवलेला कोच हवा होता. बंगळूरच्या त्या निवासी शाळेत हे सगळं होतं. कुंभकोणमहून रोज पहाटे चाळीस किलोमीटर स्कूटर हाणून तंजावर गाठायचं आणि पोहून परत शाळेत यायचं, हे फार दिवस चालण्यासारखं नव्हतंच. पोर वर्गात पेंगत होती.

पण पवित्राचा बाप सुब्रह्मण्य हा एका वाक्यात ऐकणाऱ्यांतला नव्हता. कुंभकोणमात त्याचं औषधांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाशी तमिळ, कंपनीच्या माणसाशी मोडकंतोडकं इंग्रजी, आणि घराचा उंबरा ओलांडला की मराठी. साडेतीनशे वर्षांमागे मराठा राजांच्या चाकरीत तंजावरला आलेल्या कुणा कारकुनाचा हा वंशज. शनिवारी विठ्ठलमंदिरात तो अभंग म्हणायचा, आणि अर्थ कळून म्हणणारे आपण सातआठ जणच, याचा त्याला आतून फार अभिमान होता. महाराष्ट्र त्याने उभ्या जन्मात एकदाच पाहिला होता, तोही सहलीच्या बसमधून. सोलापूरच्या स्टँडवर त्याने मोठ्या हौसेने विचारलं होतं, "चहांत आलें अहे कीं?" चहावाल्याने हिंदीत उत्तर दिलं. तो परप्रांतीय असणार, अशी सुब्रह्मण्यने स्वतःची समजूत घातली, आणि घरी येऊन सहलीचं वर्णन करताना चहावाल्याला सरळ गाळून टाकलं.

अशा माणसाच्या हाती पुण्याजवळच्या एका निवासी शाळेचं माहितीपत्रक पडलं. तिथला तलाव पंचवीस मीटरचा होता, कोच तरुण आणि नवा होता. पण पत्रक मराठीत होतं. सुब्रह्मण्यने ते दुकानात वाचलं, घरी वाचलं आणि मंदिरातही नेऊन वाचून दाखवलं.

"पोरीस मोठा तलाव होणा," गोमती म्हणाली. ती त्याची बायको, गावातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची आणि बोलायचीही तसंच, उत्तरापुरतं. "पाण्यांत भाषा घेऊन काय करायची अहे?"

"पाण्यांत चार तास. उरलेले वीस तास कोठें राहील? ताप आला, तर कोणत्या भाषेंत सांगेल? पुण्यांत अस्के अपले लोक, एक पण परका नहीं."

पवित्राला विचारलं, तेव्हा ती दप्तराच्या पट्ट्याशी खेळत म्हणाली, "रंगा सर सांगतात तेथें जाईन. सुष्मिता पण तेथेंच गेली." सुष्मिता त्रिचीची. जिल्ह्याजिल्ह्यांच्या स्पर्धांत या दोघींत पहिला आणि दुसरा नंबर आलटूनपालटून जायचा.

अर्ज दोन्हीकडे केले. चैत्रातल्या एका दुपारी, खोकल्याचं औषध मागणारं गिऱ्हाईक समोर उभं असताना, सुब्रह्मण्यच्या मोबाइलवर बंगळूरची मेल आली. जागा दिली आहे, दहा दिवसांत कळवावे. त्याने ती दोनदा वाचली आणि गिऱ्हाइकाला बाटली दिली. घरी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही बोलला नाही. सांगायचंच नाही असं त्याने ठरवलं नव्हतं. रोज उद्यावर ढकलत होता, इतकंच. अकराव्या दिवशी जेवताना त्याने भात कालवता कालवता सांगून टाकलं, "बंगळूरांत जागा भरल्या म्हणे."

पवित्राने एक घोट पाणी घेतलं. "बरें," म्हणाली आणि जेवू लागली. गोमतीने काही विचारलं नाही. रंगा सरांना त्याने फोनवरच सांगितलं, कारण त्यांच्या समोर उभं राहून हे सांगणं त्याला जमलं नसतं.

जूनमध्ये पोर पुण्याला गेली. घर इतकं गप्प झालं, की सुब्रह्मण्य जेवतानाही मोबाइलवर भजनं लावून ठेवू लागला. दर रविवारी पाच वाजता तिचा फोन यायचा. दहा मिनिटं, घरच्या बोलीत, मागे कसलीशी घरघर. बेस अहे, जेवत्यें, पोहत्यें, अम्मा कशी अहे. तेवढ्यावर तो आठवडा काढायचा. मंदिरात कुणी विचारलं, तर तो सांगायचा की पोर आता शिवाजी महाराजांच्या मुलखात आपली भाषा बोलत हिंडते. हे सांगताना त्याच्या मनात मेल डोकावायची, नाही असं नाही. पण पोर सुखात आहे म्हटल्यावर कशाला उकरून काढायचं, असं म्हणून तो ती परत दाबून टाकायचा.

उन्हाळ्याच्या सुटीत पवित्रा घरी आली. उंच झाली होती, खांदे भरले होते, बोलणं मात्र कमी झालं होतं. वयच तसं, असं दोघांनी धरून घेतलं. तिची वेळ वर्षात फक्त एका सेकंदाने उतरली होती. रंगा सरांनी ते ऐकून नुसती मान हलवली.

त्याच सुटीत तिच्या वसतिगृहाच्या, वर्षाच्या मध्यात रुजू झालेल्या रेक्टरबाई नवऱ्यासह तिकडे आल्या. बाईंच्या नवऱ्याच्या पत्रिकेत राहू बसला होता, म्हणून कुंभकोणमजवळच्या तिरुनागेश्वरमला रविवारच्या राहुकाळात दुधाचा अभिषेक करायचा होता. सुब्रह्मण्यला हे कळल्यावर त्याने दुपारच्या जेवणाचं आमंत्रण शाळेच्या ऑफिसमार्फत धाडूनच टाकलं.

"कशास बोलावतां?" पवित्रा म्हणाली. "हॉटेलांत जेवतील कीं ते."

"अपल्या गावीं येऊन हॉटेलांत? लोक काय म्हणतील?"

ती आणखी काहीतरी बोलणार होती, पण तो तोवर केळीची पानं आणायला बाहेर पडलाही होता.

बाई हसऱ्या, मोकळ्या, मनाच्या अगदी चांगल्या. सुब्रह्मण्यने दारातच हात जोडले. "या, या. प्रवास बेस झाला कीं? उन्हांतून आलां, अगोदर पाणी घ्या."

बाई उंबऱ्यातच थबकल्या. "अय्या! तुम्ही मराठी बोलता?"

"म्हणजे काय? अमी मराठीच!" तो हसत म्हणाला.

"पवित्रा तर म्हणाली, आमच्या घरी फक्त तमिळ. फॉर्मवर मातृभाषा मराठी लिहिलीय खरी, पण आम्हाला वाटलं, प्रवेश मिळावा म्हणून लिहिलं असेल."

पवित्रा पाण्याचे पेले घेऊन आली होती. तिने ते खाली ठेवले आणि ती आत गेली. सुब्रह्मण्यला वाटलं, बाईंचा दुसऱ्या कुणा मुलीशी घोळ झाला असावा.

पानं मांडली गेली. बाईंना सगळंच आवडलं, आणि जेवणापेक्षा सुब्रह्मण्यचं बोलणं जास्त आवडलं. "डांगर पचडी अणखी वाढूं कीं? लाजूं नका," तो म्हणाला, तशा त्या टाळीच वाजवायच्या राहिल्या. "अहो, ऐकलंत का? किती गोड! अगदी ऐतिहासिक नाटकातलं! परत म्हणा ना एकदा." नवऱ्याने डाव्या हाताने खिशातून मोबाइल काढून समोर धरला. सुब्रह्मण्यने परत म्हटलं. आपलं कौतुक होतंय, असंच त्याला वाटत होतं. बाई हसून लोटपोट झाल्या. "अजून एकदा, आवाज नीट आला नाही." तिसऱ्यांदा तो म्हणायला गेला, तेव्हा त्याचं लक्ष पवित्राकडे गेलं. ती भाताची वाढणी हातात धरून खाली बघत उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते. वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

"मॅडम, तुम्हाला आणखी थोडा भात वाढू का?" पवित्रा म्हणाली. स्वच्छ, सफाईदार, पुण्याचं मराठी. घरात आणखी कोण आलंय, म्हणून सुब्रह्मण्यने क्षणभर दाराकडे पाहिलं.

साडेतीनला पाहुणे तिरुनागेश्वरमला निघून गेले. बाईंनी जाताना गोमतीला मिठी मारली आणि सुब्रह्मण्यला, "तुम्ही एकदा आमच्या गॅदरिंगला याच," असं अगदी मनापासून सांगितलं.

मागच्या खोलीत पवित्राने खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवला होता आणि दोन्ही हातांनी तो ओढत तिचा खांद्यांचा व्यायाम चालला होता. सुब्रह्मण्य दाराशी येऊन उभा राहिला.

"अमी तमिळ म्हणून कां सांगितलेंस?"

ती ओढत राहिली. वीस आकडे मोजून झाल्यावर थांबली.

"पहिल्या आठवड्यांत मेसमधें म्हटलें, मज भात होणा. अस्क्या हसल्या. वाईट नहींत अप्पा त्या. मग रोज बोलवून घेत. ए नाटक, बोल ना. मोबाइलांत घेत, जसें आज घेतलें." तिने पट्ट्याला पीळ घातला. "तीन महिने मी बोल्लेंच नहीं. कोचास पण वाटलें, हिला कळत नहीं. मग त्यांचें बोलणें शिकलें. नव्या मुली आल्या, त्यांस सांगितलें, मी तमिळ."

"आणि रविवारीं? माझ्याशीं तर अपल्यांतच बोलतीस."

"तलावामागें मोटरची खोली अहे. पाणी गाळायाची मोटर. ती चालतां कोणास ऐकूं येत नहीं. तेथून करत्यें फोन."

सुब्रह्मण्यला आठवली ती फोनमधली घरघर. रविवारीसुद्धा पोर तलावावर असते, असं तो मंदिरात छाती फुगवून सांगत आला होता. तो खाली जमिनीवरच बसला. आपल्या लेकराला स्वतःच्या बापाशी बोलायला मोटरीआड लपावं लागतं, आणि तिथे तिला धाडलं आपणच.

"सोडून दे तें पुणें," तो म्हणाला. "रंगा सरांस सांगतों. या वर्षीं बंगळूर..."

"नको. पुनः नवी खोली, नव्या मुली. आतां माझ्यानें होत नहीं." आणि मग बापाचा चेहरा पाहून तीच त्याच्याजवळ खाली बसली. "असूं द्या, अप्पा. बंगळूरांत जागाच नव्हती. तुमी तरी काय करणार?"

सांगायची वेळ होती ती हीच. ती त्याने जाऊ दिली. पोरीने त्याचा हात थोपटला आणि उठून उरलेले वीस पुरे केले.

ती परत गेली. पहिल्या रविवारी पाचला फोन वाजला. मागे मोटर चाललेली होती.

"कण्णा," सुब्रह्मण्य लाडाने तमिळमध्ये म्हणाला, "तिथे उभी राहू नकोस. खोलीवर जा आणि बस. आता कुणी ऐकलं तरी बिघडत नाही."

तो घरातल्या माणसाशी तमिळ बोलल्याचं गोमतीने लग्नाला वीस वर्षं होऊनही ऐकलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर ती वह्या तपासत होती, तिचा हात थांबला.

"अप्पा?" पवित्रा म्हणाली. मग चालण्याचा आवाज आला, जिना आला, मुलींचा गलका आला. आणि ती बोलू लागली, तमिळमध्ये. दहाची वीस मिनिटं झाली. वर्षभरात बोलली नव्हती ते सगळं: उडीत पाय कसा घसरतो, रात्री रडू आलं की कुठली मैत्रीण पांघरुणात येऊन झोपते, कोच कुणाला झुकतं माप देतात. ती हसलीसुद्धा. सुब्रह्मण्य एका हाताने डोळे पुसत ऐकत होता. पोरीला एवढं बोलता येतं, हे तो विसरूनच गेला होता.

"आणि अप्पा, सुष्मिता एक मिनिट आठवर आली! तिने फोटो पाठवला. तिथे आणखी एकच जागा असती ना, तर आम्ही दोघी..."

"जागा होती," तो म्हणाला.

घरच्या बोलीत जे तोंडातून निघालं नव्हतं, ते तमिळमध्ये निघून गेलं. "त्यांची मेल आली होती. मीच कळवलं नाही. भरल्या म्हणून खोटं सांगितलं. तू आपल्या लोकांत राहावंस, म्हणून."

पलीकडे मुलींचा गलका तसाच चालू होता.

"अम्माला माहीत होतं?" तिने विचारलं.

त्याने मान वर केली. गोमती लाल पेन हातात धरून त्याच्याकडे पाहत होती.

"नाही."

"मग अम्माकडे फोन द्या."

त्याने फोन पुढे केला. गोमतीने तो घेतला आणि ती मागच्या खोलीत गेली. दार तिने लोटून घेतलं.

त्या दिवसापासून रविवारचा फोन गोमतीच्या मोबाइलवर येतो. सुब्रह्मण्य दुकान लवकर बंद करून पाचच्या आधी घरी येतो आणि समोरच्या खुर्चीत बसून असतो. बोलणं संपलं, की गोमती फोन टेबलावर ठेवते आणि सांगते, "अप्पा जेवले कीं, म्हणून विचारली." पोर खरंच विचारते, की गोमती पदरचं सांगते, हे विचारायचा धीर त्याला अजून झालेला नाही.