चित्रातली सहावी

आमचं संग्रहालय म्हणजे गावातला जुना अनाथाश्रम. माझी आई इथेच वाढली, आणि तिच्या जेवणघराचं जे दालन झालं, तिथे मी एकतीस वर्षं पहारा करते. भिंतीवर साडेतीनशे वर्षांपूर्वीचं चित्र: आश्रमाच्या पाच विश्वस्त बायका, काळ्या रेशमातल्या, गळ्याभोवती सायीसारख्या झालरी. आणि कोपऱ्यात एक अनाथ पोर. एक बाही तांबडी, एक काळी.

आईकडे लहानपणाचा एकही फोटो नाही. आश्रमात असताना तोच पोशाख घालून दर शनिवारी ती चित्राची चौकट पुसायची, पोरीशी बोलायची. अजून गुणगुणते:

चौकट सोन्याची, पुसते मी राणी
तुझ्या माझ्या वाटी, जवाचं गं पाणी

दर वाढदिवसाला मी तिला चाकाच्या खुर्चीतून आणते. बोट दाखवून ती म्हणते, "ही बघ, मी."

या हिवाळ्यात चित्र साफ करायला रूलीन आली.

"आल्त्ये, ही पोरगी मूळची नाही गं," ती मला म्हणाली. "शंभर वर्षांनी कुणीतरी वरून रंगवलीय. काढायचं ठरलंय."

"उशिरा आली, पण अडीचशे वर्षं राहिली ना? एवढ्यात भाडेकरूलाही हक्क मिळतो."

ती हसली. कॉफीबरोबर एक बिस्किट दिलं, डब्याचं झाकण लावलं.

"मार्चात आईचा वाढदिवस आहे. अठ्ठ्याऐंशी पुरी होतील. तेवढा होऊ दे."

"माझ्या हातात नाही ते."

संचालकांना पत्र लिहिलं. चार ओळींचं उत्तर आलं: आपल्या भावनांची नोंद घेतली आहे.

मग काडीला कापूस गुंडाळून रूलीन पुसत गेली. आधी एप्रन गेला, मग तांबडी बाही, शेवटी तोंड. बोळे काचेच्या बरणीत पडत होते. मी बरणी मागितली.

"वेडी का तू? रसायनाचा कचरा आहे तो."

पोरीच्या खाली कुत्रा निघाला. पांढरा, गुबगुबीत, गळ्यात घुंगरांचा पट्टा. गाव खूश. संग्रहालयाच्या दुकानात त्याच्या चित्राचे कॉफीचे मग आले, पुसणी आली.

मार्चात आईला आणलं. सांगायचा धीर झाला नव्हता. तोंडातली पेपरमिंटची गोळी या गालातून त्या गालात नेत ती बघत राहिली. मागे कुणीतरी म्हणालं, "अय्या, किती गोड!"

"आई, मी खूप सांगितलं गं त्यांना…"

"रडतेस काय? आमच्या वेळीही आधी कुत्र्यालाच वाढायचे."

मग तिने बाहीतला रुमाल काढला. खुर्चीच्या दांड्यावर जोर देऊन अर्धवट उठली आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्याकडे, पोरीचे पाय होते तिथे, हात लांबवला.

एकतीस वर्षांची सवय. माझ्या तोंडून निघून गेलं, "हात लावू नका, बाई."

आईने हात मागे घेतला. शहाण्या मुलीसारखा, लगेच.