मला ओढलं की काम थांबतं

मी एक जुनी दोरी आहे. जपानात, हामामात्सुच्या एका कारखान्यात, कामगारांच्या डोक्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली. इथे चाकाच्या खुर्च्या बनतात. हसू नका, मित्रांनो! खुर्चीत काही चूक दिसली की कामगाराने मला ओढायचं. मला ओढलं की घंटा वाजते आणि अख्खं काम थांबतं.

मला इथे बांधलं कारखान्याचे तेव्हाचे प्रमुख ओकुमुरासाहेबांनी. घंटा वाजली की ते हातातला चहा तसाच ठेवून धावत यायचे आणि विचारायचे, "काय झालं?" मग ओढणाऱ्यापुढे कमरेत वाकून म्हणायचे, "बरं झालं, थांबवलंत." त्यामुळे नवखा कामगारही मला बिनधास्त ओढायचा. "आम्ही दोरीवाले," म्हणून लोक गावभर मिरवायचे. काय आनंद व्हायचा मला!

ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी त्सुकादासाहेब आले. तेही धावत यायचे, पण घड्याळाकडे बघत. आल्या आल्या विचारायचे, "कोणी ओढली?"

झालं! एवढ्यानेच सगळ्यांचे हात आखडले. सैल बोल्ट दिसला तरी माणसं मान खाली घालायची. "जाऊ दे ना, पुढचा बघेल," असं कुजबुजायची. माझ्यावर धूळ साचली. फार वाईट वाटायचं.

एक दिवस खुर्च्या जोडणाऱ्या मिसाओबाईंसमोर एक छोटी खुर्ची आली, मुलांच्या इस्पितळात जाणारी. ब्रेक लावला तरी चाक फिरतच होतं. बाईंनी माझ्याकडे हात नेला.

"बाई, वेड लागलंय का?" शेजारचा गेंजी पुटपुटला. "नोकरी जाईल!"

"आणि उतारावरून पोर जाईल, त्याचं काय?"

बाईंनी मला असं खेचलं, की सगळी धूळ गेंजीच्या डोक्यावर पडली. त्सुकादासाहेब तणतणत आले.

"कोणी ओढली?"

"मी ओढली." बाईंचा हात अजून माझ्यावरच होता. "आता विचारा, काय झालं."

साहेब लालबुंद झाले. तेवढ्यात गेंजीने ब्रेक लावून खुर्ची ढकलली. ती घरंगळत गेली आणि साहेबांच्या पायावर आदळली. त्यांनी खाली बसून ब्रेक चाचपला. मग हळूच विचारलं, "काय झालं?"

"साहेब, अशा आणखी दोन आजच्या ट्रकमधून इस्पितळाकडे गेल्यात," गेंजी म्हणाला. "आम्ही बघितल्या होत्या."

निघालेला ट्रक त्याच दुपारी परत बोलावला.

मित्रांनो, उद्या तुम्ही वर्गाचे मॉनिटर व्हाल, कुठेतरी साहेब व्हाल. कोणीतरी घंटा वाजवेल. तेव्हा आधी काय विचारायचं, ते आजच ठरवून ठेवा.