बीट लागवड, भाग तीन

मी चित्रपटाची फीत ठेवायचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. गोल, चपटा, कडेने गंजलेला. बुडापेस्टमधल्या एका चित्रपट स्टुडिओच्या तळघरात माझी पंधरा वर्षं गेली. माझ्यावर लेबल आहे, 'बीट लागवड, भाग तीन'. मित्रांनो, हे धादांत खोटं आहे. माझ्या पोटात बिटाचं पानसुद्धा नव्हतं.

माझ्या पोटात अंब्रुश होता. मैदानी मुलखातल्या एका खेड्यातला शेतकरी. सरकारने सगळ्यांची शेतं आणि घोडे एकत्र करून सामायिक शेती सुरू केली, तेव्हा गावातली पहिली सही त्याची. मागोमाग सगळ्यांनी केल्या. पण गाव त्यालाच 'पहिला' म्हणू लागलं. शेजारचा गाश्पार कुंपणावरून विचारायचा, "काय पहिले, आज कुठं सही?"

बऱ्याच वर्षांनी चित्रपटवाले माहितीपट करायला आले. रिकाम्या तबेल्यात गव्हाणीवर हात ठेवून अंब्रुश म्हणाला, "पहिली सही माझीच. पण तीन दिवस मार खाल्ल्यावर." एवढंच बोलला आणि पाठ फिरवली. बायकोशिवाय कुणाला त्याने हे सांगितलं नव्हतं.

स्टुडिओत साहेबांनी चित्रपट पाहिला. "छान झालाय. ते वाक्य तेवढं कापा." दिग्दर्शक कापायला तयार होईना. आमच्याकडे अशा वेळी कुणी आरडाओरडा करत नाही. "मग राहू द्या डब्यात," असं म्हणतात आणि कॉफी संपवून निघून जातात. माझं झाकण लागलं ते असं.

मग कुणकुण लागली, की असे डबे जाळायला नेणार. संकलन करणाऱ्या एटेल्काबाईंनी माझं खरं नाव खरवडलं आणि बिटाचं लेबल चिकटवलं. "बिटाला कोण हात लावतंय?" खरंच कुणी लावला नाही. शेजारचे दोन डबे गेले, मी वाचलो. पण वाचलो कसला, पुरता अडकलो. आत एक माणूस ओरडून सांगतोय आणि आपण झाकण घट्ट धरून बसलोय, हे जिणं फार वाईट. वरून तळघराची ओल. माझ्या पोटातून आंबूस वास येऊ लागला.

अंब्रुश 'पहिला' म्हणूनच वारला. त्याची बायको रोझालिया दर शरदात अक्रोडांची पिशवी घेऊन स्टुडिओत यायची. "आमचा डबा?" एटेल्काबाई मान हलवायच्या. नोकरी सोडून जाण्याआधी त्यांनी लेबलाची गोष्ट तिच्या कानात घातली, हे माझं नशीब. कारण पुढे राज्य बदललं, बंद डबे उघडू लागले, आणि यादीत माझं नावच नव्हतं.

रोझालिया आली ती थेट तळघरात. "बिटाचा डबा काढ. भाग तीन."

"मावशी, आधीचे दोन पाहिलेत का?" भांडारातला तिहामेर हसला. "नाहीतर गोष्ट कळायची नाही."

"उघड रे बाबा. बीट निघालं तर तुझं तळघर झाडून देते."

झाकण निघालं तसा तिहामेरने नाकाला रुमाल लावला. फितीचा काही भाग चिकटून त्याचा गोळा झाला होता. उरलेली त्याने हाताने पुसून सांधली आणि मला घेऊन तो गावी आला.

गावच्या सभागृहात सगळे जमले. गाश्पारसुद्धा, पुढच्याच बाकावर, टोपी डोक्यावर ठेवून. पडद्यावर अंब्रुशने घोड्याचं नाव घेतलं, तो आवाज ऐकून रोझालियाने तोंडावर हात ठेवला. मग त्याने गव्हाणीवर हात टेकला. ओठ हलले. आवाज मात्र नाही. आवाज फितीच्या कडेला असतो, आणि कड ओलीने खाल्ली होती. साहेबांना जे कापता आलं नाही, ते माझ्या पोटात कुजलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात रोझालिया उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "पहिली सही माझीच. पण तीन दिवस मार खाल्ल्यावर."

मग गाश्पारने टोपी काढली.

"वहिनी," तो म्हणाला, "मी एका दिवसात केली होती."

मित्रांनो, आता मी रिकामा आहे. तिहामेरच्या टेबलावर असतो, तो माझ्यात खिळे ठेवतो. माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, की माझ्यासारखा बंद डबा दिसला तर लेबल वाचून पुढे जाऊ नका. उघडून बघा, आणि जरा लवकर उघडा.