बाकावरचा पाचवा

लिफ्ट दुरुस्त करण्यात माझी चौतीस वर्षं गेली. त्यामुळे माणसं एकमेकांना चिकटून उभी राहूनही एकमेकांशी एक अक्षर कशी बोलत नाहीत, हे मला कोणी शिकवायला नको. आत पाटी असते: सहा माणसं, चारशे आठ किलो. आणि सहाच्या सहा जण दारावरच्या आकड्यांकडे असे टक लावून बघत असतात, जणू तिथे त्यांचा निकाल लागणार आहे.

म्हणून त्या जर्मन हॉटेलातली लांबलचक टेबलं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी मनात म्हटलं, हे काही चालायचं नाही.

गेलो होतो मी कामालाच. त्यांचं स्वयंपाकघर तळघरात आणि जेवणाची खोली वर. मध्ये ताटल्या वर आणायला एक छोटी लिफ्ट. ती भर दुपारी अकरा ताटल्या सॉसेज पोटात घेऊन मधेच अडकली होती. मालक तसा आपल्यातलाच, पण सोळा वर्षं जर्मनीत एका हॉटेलच्या भटारखान्यात राबून आलेला. येताना पोट, मिशा आणि नियम घेऊन आला. सगळे त्याला ‘जर्मन’च म्हणतात. लिफ्ट चालू झाली तसा तो म्हणाला, “मिस्त्री, जेवल्याशिवाय जायचं नाही,” आणि मला नेऊन एका भरल्या कुटुंबाच्या टेबलाशी उभं केलं.

मी दुसरं टेबल शोधायला लागलो. दुसरं टेबल नव्हतंच. सबंध खोलीत दोन लांब टेबलं, दोन्हीकडे बाकं, आणि खिडकीपाशी कुंड्या.

“इथे असंच,” जर्मन म्हणाला. “एक माणूस जरी उभा असला तरी बाकावरची जागा कोणाच्या बापाची नाही. आलेल्याने मूठ वळून टेबलावर दोनदा टकटक करायची. बसलेल्यांनी उलट टकटक करायची आणि सरकायचं. झाली ओळख.”

नाव नाही, गाव नाही, काय करता नाही. मी टकटक केली. पलीकडून सात मुठींनी उत्तर आलं आणि ती सगळी मंडळी ढुंगणं उचलून उचलून सरकली. चार माणसांच्या बाकावर मी पाचवा बसलो. बाकाची क्षमता मी नजरेनेच मोजली होती. मनात म्हटलं, ओव्हरलोड. पण काही कुरकुरलं नाही.

त्याच वर्षी मी निवृत्त झालो. आमची ही जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. घरी मी ओट्याशी उभा राहून पातेल्यातूनच जेवायचो. भांडी कमी पडतात, असं मुलीला सांगायचो. खरं कारण असं, की टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची दिसते. उभ्याने जेवलं की भिंत दिसते, आणि भिंतीचा मला काही त्रास नाही.

मग दर रविवारी जर्मनकडे जायला लागलो. जाण्याचं माझं गणित होतं. साडेबाराला खोली भरते, म्हणून मी पाऊण वाजता जायचो. आधी गेलं तर अख्खं बाक आपल्या एकट्याच्या नशिबी यायचं. मागवायची ती भाजलेली डुकराची तंगडी, कारण तिला चाळीस मिनिटं लागतात आणि तसं कार्डावरच छापलंय. सोबतची आंबवलेली कोबी मला मनापासून नावडते, पण नावडती असल्यामुळे ती बराच वेळ पुरते.

टेबलावर मोहरीच्या चटणीची बरणी एकच. ती सारखी इकडून तिकडे फिरायची. “मोहरी जरा इकडे द्या.” हे वाक्य दर रविवारी चार-पाचदा माझ्या वाट्याला यायचं. हसू नका. आठवडाभरात त्याखेरीज मला कोणी काही म्हटलं असेल तर ते दूधवाल्याने, आणि तेही “उद्या सुट्टी.”

काय काय ऐकलं मी त्या बाकावर! दोन बहिणी आईच्या शिलाई मशीनवरून भांडत होत्या आणि मशीन दोघींनाही नको होतं. एक दातांचा डॉक्टर जेवायचा कमी आणि समोरचा कसा चावतोय ते बघायचाच जास्त. एका नवरा-बायकोचं बोलणं बंद होतं. ती मला सांगायची, “यांना म्हणावं मीठ द्या,” आणि तो मला सांगायचा, “म्हणावं, डॉक्टरने नको म्हटलंय.” मी दोन्हीकडचे निरोप चोख पोचवले.

एकदा एका घरातली बारा माणसं फोटो काढायला सज्ज झाली. मी उठून बाजूला व्हायला लागलो तर त्यांचे आजोबा ओरडले, “अहो, कुठे चाललात? बसा की!” त्या फोटोत मी आहे, कडेला, हातात हाड धरून. पुढे कधीतरी कोणी विचारेल, हा कोण? सुनेला वाटेल सासरचा आणि सासूला वाटेल सुनेच्या माहेरचा. त्या रात्री मला झकास झोप लागली.

मुलगी परगावी असते. रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. “बाबा, जेवलात?” मी म्हणायचो, “हो, बाहेर. मंडळी होती.” तिने सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू यायचा. कोण मंडळी, हे तिने कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना चष्मेवालीच्या मनात माझ्याबद्दल माया उत्पन्न झाली.

चष्मेवाली म्हणजे तिथे वाढणारी मुलगी. असेल पंचविशीची. चार ताटल्या एका हातावर पेलते आणि घसरणारा चष्मा खांद्याने वर ढकलते. त्या रविवारी मी आत शिरलो तशी ती धावत आली. “काका, या, या! तुमच्यासाठी एक गंमत आहे.” लांब टेबल ओलांडून तिने मला थेट खिडकीशी नेलं. कुंड्या गायब होत्या. त्या जागी एक छोटं गोल टेबल, त्यावर ‘राखीव’ अशी पाटी, आणि मोहरीची स्वतंत्र बरणी. खुर्ची एकच.

“तीन आठवडे भांडले मी मालकांशी,” ती म्हणाली. “म्हटलं, काका दर रविवारी न चुकता येतात आणि बिचारे कोपऱ्यात अंग चोरून जेवतात. मला बघवत नाही. माझ्या बाबांना जेवताना कोणाचं कोपर लागलेलं खपायचं नाही. शेवटी शेवटी तर ते खोलीतच ताट न्यायचे. आता तुम्ही निवांत जेवा. कोणी म्हणजे कोणी त्रास देणार नाही.”

तिचा चेहरा असा उजळला होता की मी म्हणालो, “अरे वा.”

बसलो. सवयीने टेबलावर दोनदा टकटक केली. गोल टेबल जरासं डगमगलं. बाकी काही झालं नाही.

तंगडी वीस मिनिटांत आली. जर्मनने स्वतः लक्ष घातलं होतं. पाठीमागे मोठ्या टेबलावर कोणीतरी काहीतरी सांगितलं आणि सगळे हसले. मी वळून बघितलं, पण तोवर हसणं संपलं होतं.

मी काय मूर्ख नाही. सुटायचे प्रयत्न केले. पुढच्या रविवारी म्हटलं, खिडकीतून वारा येतो, गुडघा धरतो. तिने खिडकी बंद केली आणि घरून उशी आणून दिली. त्याच्या पुढच्या रविवारी म्हटलं, डोळ्यावर ऊन येतं. तिने पडदा ओढला. त्यामुळे निदान रस्त्यावरची माणसं दिसत होती तीही गेली. चौथ्या रविवारी मी तोंड बंद ठेवलं. आणखी एखादी तक्रार केली असती तर तिने भोवती भिंत बांधली असती.

मग जाणंच सोडलं.

तीन रविवार घरी काढले. ओटा, पातेलं, भिंत. तिसऱ्या रविवारी दुपारी का कोण जाणे, ओट्यावर मूठ वळून दोनदा टकटक केली. मग जरा जोरात केली. फोन वाजला. वरच्या मजल्यावरच्या बाई होत्या. “खिळे ठोकताय का हो? रविवार आहे, माणसं झोपतात.” मी माफी मागितली. फोन ठेवला आणि बराच वेळ त्या ओट्याकडे बघत उभा राहिलो. पुन्हा ठोकलं तर त्या पुन्हा फोन करतील, एवढाच विचार डोक्यात होता. तेव्हा मात्र मला माझीच भीती वाटली. म्हटलं, गड्या, आता जाऊन त्या मुलीला सरळ सांगायचं.

सांगायचं काय होतं असं मोठं? ‘मला मोठ्या टेबलावर बसव.’ झालं. पण ती विचारणार, का? आणि हे ‘का’ मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. मुलीला नाही, डॉक्टरला नाही, आरशातसुद्धा नाही. सबंध रस्ता मी ते वाक्य घोटत गेलो.

पाऊण वाजता आत शिरलो. दोन्ही टेबलं भरलेली. खिडकीशी माझं टेबल तसंच, पाटीसकट. उशीला नवा अभ्रा.

“काका!” चष्मेवाली हातातल्या ताटल्या तशाच घेऊन आली. “बरं नव्हतं का? किती काळजी वाटली मला! तुमचा फोन नंबरही नव्हता. पण तुमची जागा नाही दिली हं कोणाला. गेल्या रविवारी एक बाई पंधरा मिनिटं उभ्या होत्या, तरी नाही दिली.”

माझ्यापायी एक माणूस उभं राहिलं, आणि तेही या हॉटेलात. तिने ताटल्या ठेवल्या, उशी उचलून झटकली, खुर्ची मागे ओढली.

“नको,” मी म्हटलं.

“का? ऊन येतं?”

“ऊन नाही.”

“गुडघा दुखतोय?”

“गुडघा ठणठणीत आहे.”

“मग काय झालं, काका?”

आता एक सांगायला हवं. लिफ्टच्या पोकळीत तळमजल्यावरून सातव्या मजल्यावर ओरडण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला हळू बोलता येत नाही. मला वाटलं, मी तिच्या कानाशी बोलतोय.

“मला एकट्याने जेववत नाही गं!” मी म्हणालो. “घरी आठवडाभर एकटाच जेवतो. ही गेल्यापासून एकटाच. मी इथे तंगडी खायला येत नाही, माणसांत बसायला येतो.”

काटे-चमचे थांबले. तळघरातून लिफ्ट वर आली, घंटा वाजली, पण ताटल्या घ्यायला कोणी हललं नाही. चष्मेवालीने उशी पोटाशी धरली होती. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता, आणि तो तिने वर केला नाही.

“मग सांगायचं ना, काका,” ती अगदी बारीक आवाजात म्हणाली.

“तेच तर जमत नव्हतं.”

दोन्ही टेबलांवरची माणसं आपापल्या ताटलीकडे बघत होती, लिफ्टमध्ये आकड्यांकडे बघतात तशी. शरमेने माझे कान तापले. एवढे दिवस झाकून ठेवलेलं मी भर जेवणात ओतून ठेवलं होतं. आता इथेही येता येणार नाही, हे मला कळून चुकलं. कोणाशी नजर न मिळवता मी दाराकडे वळलो.

दारालगतच्या बाकाच्या टोकाला एक धिप्पाड बाई बसली होती. अंगात पोस्टाचा गणवेश, तोंडात घास. तिने माझ्याकडे बघितलं नाही. फक्त शेजारच्याला कोपराने ढोसलं. त्याने त्याच्या शेजारच्याला ढोसलं. बाक करकरलं. आधी वीतभर जागा झाली, मग आणखी थोडी.

मी बसलो. अर्धा बाकावर, अर्धा अधांतरी. आता कीव सुरू होणार, मी मनात म्हटलं. आता गोड गोड विचारतील, काका, मुलं किती, राहता कुठे, करमत नसेल ना. मी खाली मान घालून त्याची वाट बघत राहिलो.

पोस्टातल्या बाईने घास गिळला.

“काका, टकटक राहिली तुमची,” ती म्हणाली. “नियम आहे इथे.”

मी मूठ वळली. घाईत दोनाऐवजी तीनदा वाजलं. समोरून, बाजूने, पार पलीकडच्या टोकावरून उत्तर आलं, तेही तीनदा.

“आता ती मोहरी द्या इकडे,” बाई म्हणाली. “केव्हाची तुमच्यापुढे पडलीय.”